शब्दांमागचा सूर : ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

एखादे पुस्तक वाचून झाले की आपण एकमेकांस विचारतो, ‘त्यात काय सांगितले आहे?’ ते कसे सांगितले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या घरांतून ज्या पुस्तकाचे नाव आदराने घेतले जाते, त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर या सवयीमुळे फार अन्याय झाला आहे, असे माझे मत आहे. कोणी त्यास विनोदी पुस्तक म्हणतो, कोणी धर्मांतराची साक्ष म्हणतो. दोघांनीही कथानक वाचलेले असते, सूर ऐकलेला नसतो.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात ‘काकु’ असा एक शब्द आहे. आवाजातील ज्या फरकाने त्याच शब्दांचा अर्थ पालटतो, तो फरक म्हणजे काकु. लेक वर्षाने माहेरी आली असता दारातून उमटणारे ‘आलीस?’ आणि दिवेलागणीनंतर परतलेल्या मुलीस विचारलेले ‘आलीस?’ यांत अक्षराचाही फरक नाही. पण पहिल्याने घर उजळते आणि दुसऱ्याने मुलगी खाली मान घालते. छापील पानावर आवाज नसतो. तेथे काकुचे काम शब्दांची निवड, वाक्याची लांबी आणि काय गाळले आहे, यांच्याकडून करून घ्यावे लागते. लेखकाची विषयाकडे व वाचकाकडे पाहण्याची जी वृत्ती यातून प्रकट होते, तिला आपण सूर म्हणू. आणि वाचता वाचता आपल्या मनात जे दाटून येते, त्यास भाव म्हणू. दोन्ही एकच असतात असा सर्वसाधारण समज आहे, तो खरा नव्हे.

मिस्सामध्ये वाचन करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असावी. संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात सुरफुनीकी स्त्रीस प्रभू येशू मुलांची भाकर आणि कुत्री यांविषयी जे बोलतो, ते कठोरपणे, की तिच्या श्रद्धेची कसोटी पाहण्यासाठी? शब्द आपल्यापाशी आहेत, आवाज नाही. तरीही अनेक जण तो उतारा शासकीय परिपत्रकासारखा वाचून मोकळे होतात!

आता ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. 1936 साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यातील घटनांची नुसती यादी केली तर एक शोककथाच हाती येते. वडिलांच्या विकोपाला गेलेल्या सोवळ्याखाली दडपलेले बालपण, अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न, शीघ्रकोपी आणि न सांगता घर सोडून जाणारा कविमनाचा पती, दारिद्र्य, मुलांचे मृत्यू, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर लहान मुलासह वाट्यास आलेली काही वर्षांची ताटातूट. एखाद्या कमी प्रतीच्या लेखणीने यावर अश्रूंचे पाट वाहविले असते.

लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. ओसरीवर बसून शेजारणीस सांगावे तसे त्या सांगतात. वाक्ये आखूड, क्रियापदे चपळ, शब्द स्वयंपाकघरातले. भावनेचे नाव घेण्याचे त्या बहुधा टाळतात. कोणी काय केले, कोण काय म्हणाले, एवढेच पुढे ठेवतात. आणि सर्वांत आधी त्या स्वतःस हसतात. टिळकांच्या विसराळूपणाची किंवा संतापाची हकीकत सांगताना तक्रारीस जागा होती, पूजेसही होती. पण त्या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेने चालतात. म्हणून टिळक संत वाटत नाहीत आणि खलपुरुषही वाटत नाहीत. एक अवघड, मोठ्या मनाचा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. सूर खेळकर आहे, आणि पान उलटताना आपला घसा दाटलेला असतो. हे दोन्ही एकाच वाक्यातून घडते.

या दृष्टीने टिळकांच्या धर्मांतरानंतरची पाने पुन्हा वाचावीत. तेथे हसू विरळ होते. आतापर्यंत प्रत्येक संकटात सोबत करणारा तो आवाज एकाएकी खोल जातो, आणि तेवढ्यानेच आपल्याला कळते की हे संकट निराळे आहे. त्यासाठी त्यांना एकही मोठा शब्द वापरावा लागत नाही. पुढे 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण मनातील सोवळे गळून पडण्याची प्रक्रिया त्या ज्या मिस्कीलपणाने सांगतात, त्यात विजयाचा आव नाही. केवळ साक्ष शोधणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांच्या हातून नेमके हेच निसटते.

सूर किती नाजूक असतो, याचे उदाहरण भाषांतरातही सापडते. जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर 1950 साली निघाले, त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागोमाग जाते. मूळ नावात फक्त आठवणींची चित्रे आहेत. या नावाने मात्र वाचकाच्या हाती पुस्तक पडण्यापूर्वीच लक्ष्मीबाईंना आज्ञाधारक पत्नीच्या जागी बसविले. शांता गोखले यांनी 2017 साली केलेल्या भाषांतराने मूळ नावच राखले, हे फार बरे झाले.

याउलट बाबा पदमनजींची 1857 सालची ‘यमुनापर्यटन’ पाहावी. हिंदू विधवांच्या दुःखाचे ते धाडसी चित्रण होय आणि मराठी कादंबरीच्या आरंभी त्याचे स्थान पक्के आहे. परंतु त्याचा सूर उपदेशकाचा आहे. आम्हां धर्मगुरूंना हा सूर अंगवळणी पडलेला असतो, म्हणून तो मला लगेच ओळखू येतो. वाचक प्रत्येक गोष्टीस मान डोलावतो, पण त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. काय वाटावयाचे, हे त्याला आधीच सांगून झालेले असते.

घाटंजीत बसून हे लिहिताना एक गोष्ट विशेष जाणवते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याविषयी, येथील कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बराच मजकूर एकाच करुण सुरात आहे. त्या सुरात माणूस उरत नाही, त्याची ‘दुर्दैवी’ ही ओळख तेवढी उरते. आपल्या नियतकालिकांतील मृत्युलेखांचेही तेच. दिवंगत प्रत्येक जण प्रेमळ, परोपकारी आणि हसतमुख असतो. तो कधी कोणावर रागावला नाही, यावर त्याची बायकोसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्यावर उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्या याच जिल्ह्यातील. पतीने आत्महत्या केलेली, आणि श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात काम केलेली स्त्री. अडचणीच्या वेळी दिल्लीतली नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे त्या बोलल्या. त्यात यमकाची गंमत आहे, सभेला मारलेली कोपरखळी आहे, स्वतःकडे पाहून केलेली थट्टाही आहे. रडू कोठेही नाही. ऐकणाऱ्यास आधी हसू येते, आणि मग आपण कशाला हसलो ते उमगून तो गप्प होतो. लक्ष्मीबाईंच्या कित्येक पानांवर वाचक असाच थांबतो.