मेजावरील आरमार : ‘हार्पून’ खेळाचें परीक्षण

शिरूर किंवा दौंडकडील दफ्तरें चाळणाऱ्या गृहस्थांपुढें आरमारी युद्धाचा विषय मांडणें विक्षिप्त वाटेल. घोडनदीचें पाणी भीमेस मिळून पूर्वसमुद्राकडे जातें. आमचा प्रसंग तर पश्चिमसमुद्रांतील. परंतु प्रस्तुत खेळास समुद्र लागतच नाहीं. मोठें मेज, लहान जहाजें, फासे आणि कोष्टकें एवढी सामग्री पुरते. ती दौंडास मांडली काय आणि मालवणास मांडली काय, सारखीच.

लॅरी बाँड या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्यानें रचिलेला हा खेळ १९८० सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें कुळ जुनें आहे. इंग्लंडांत फ्रेड जेन याचा आरमारी खेळ आणि त्याची जगांतील लढाऊ जहाजांची यादी हीं दोन्ही १८९८ सालचीं. यादी करणारा व खेळ रचणारा एकच असावा, याचें संग्राहकांस नवल वाटूं नये. कोष्टकाचा लोभ दोघांसही सारखाच.

बाँडनें जहाजाची गति, रडारचा व अस्त्राचा पल्ला, हानि सोसण्याची शक्ति, सर्व कांहीं आंकड्यांत बसविलें आहे. आधीं शत्रूचा शोध, मग मारा, हा क्रम त्यानें राखिला, हा त्याचा खरा गुण होय. आतां हीं कोष्टकें एका ज्ञात प्रसंगास लावून पाहूं.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्रनौका ‘किल्तान’ व ‘कच्छल’ यांच्या सोबतीनें कराचीवर गेल्या. त्यांच्या अस्त्राचा पल्ला सुमारें ४० किलोमीटर. ‘निर्घात’च्या माऱ्यानें पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’ बुडाली. बुडण्यापूर्वीं तिनें संदेश धाडिला, कीं शत्रूच्या विमानानें हल्ला केला आहे! १९६७ सालीं इस्रायलची ‘ऐलात’ याच जातीच्या अस्त्रानें बुडाली होती. म्हणजे अस्त्र जगास अपरिचित नव्हतें. तरीही अंधारांत येणारा तो प्रकाश ‘खैबर’वरील लोकांस विमानच वाटला.

समकालीन, स्थळावरचा, भोगणाऱ्याच्या हातचा असा हा कागद. आमच्या नेहमींच्या कसोटीस तो पहिल्या प्रतीचा ठरेल. आणि मुख्य मुद्द्यांत तो चुकीचा आहे. मेजावर मात्र ही चूक घडूं शकत नाहीं. ‘खैबर’ चालविणाऱ्या खेळाडूपुढें कोष्टक उघडें असतें. पंच जहाज लपवूं शकतो, खेळाडूस आधींच ठाऊक असलेलें लपवूं शकत नाहीं. त्या चुकीच्या संदेशासाठीं बाँडपाशीं फासा नाहीं.

सबब, कराचीचा प्रसंग दहा वेळां खेळून कोणी त्या रात्रीविषयीं निष्कर्ष काढूं लागल्यास तो अग्राह्य मानावा. नियमग्रंथाचें मोल निराळें आहे. ‘ऐलात’ व कराची यांनंतरच्या पिढीची क्षेपणास्त्राविषयीं काय समजूत होती, याचा तो समकालीन पुरावा आहे. त्याच्या पुढें आणखी आवृत्त्या निघाल्या. नवी हातीं येतांच जुनी रद्दींत घालणाऱ्यांनीं पाठभेदांचा विचार करावा. आणि खेळाडूंनीं पेन्सिलीनें भरलेले, खोडलेले नोंदकागदही बरोबर बांधून ठेवावे. त्यांवर तारीख बहुधा नसते, ती विचारून तेव्हांच घालावी.