अठरा गुणांचा माणूस

मराठीत ‘गुण’ या एका शब्दात दोन गोष्टी नांदतात. माणसाच्या अंगी असतो तो गुण आणि परीक्षेत पडतो तोही गुण. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ नवख्याला समजावताना या शब्दाचा मला फार उपयोग होतो. पुढे तोच शब्द गोंधळही घालतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. टेबलाभोवती चार-सहा जण बसून गोष्ट रचतात. एक जण त्या गोष्टीतलं जग चालवतो आणि बाकीचे एकेक पात्र होतात. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा. मूळ नियमात प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज लिहायची. २१६ शक्यतांपैकी १० किंवा ११ पडण्याच्या ५४ आणि १८ पडण्याची फक्त एक. म्हणजे अठरा ताकदीचा माणूस दोनशेंत एखादाच.

हा आकडा पात्राचं वर्णन करतो, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. वर्णन म्हणून तो अगदीच कच्चा आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासूनचा हिशेब घ्या. दहाला काहीच मिळत नाही, अठराला वीस बाजूंच्या फाश्यावर चार जास्त मिळतात. आता दहा ताकदीचा कारकून आणि अठरा ताकदीचा पहिलवान पंजा लढवायला बसले आणि दोघांनी एकेक फासा टाकला, तर शंभरातल्या तीस वेळा कारकून जिंकतो. असा पहिलवान कुठल्या आखाड्यात टिकेल? आणि १९७४च्या मूळ पुस्तिकांत तर ताकदीमुळे घाव जोरात बसतच नसे. जास्त ताकदीच्या योद्ध्याला अनुभवाचे गुण लवकर मिळत, एवढंच. घावाचा हिशेब १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला. एकाच आकड्याचा अर्थ वर्षभरात बदलला. पात्र होतं तेच राहिलं.

मग आकडा सांगतो काय? याचं उत्तर मला खेळाच्या पुस्तकांपेक्षा आमच्या बसायच्या जागेत सापडलं. आम्ही लकडगंजात खेळतो, एका मित्राच्या लाकडाच्या वखारीवरच्या खोलीत. खाली सागाचे ओंडके रचलेले असतात. गोल ओंडका मोजायची आपल्याकडे रुळलेली एक पद्धत आहे : घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. भूमितीप्रमाणे हे चूक आहे. खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच त्यात येतं. उरलेलं चिराईत वाया जाणारं म्हणून सोडून दिलेलं असतं. घेणारा आणि देणारा दोघांनाही हे ठाऊक असतं आणि दोघांचं त्यावर भांडण नसतं. तो आकडा ओंडक्याचं चित्र नाही. ओंडका व्यवहारात कसा धरायचा, याचा तो करार आहे.

पात्राचे गुणही तसेच करार आहेत. पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, त्या क्षणी नशिबाला किती वाव द्यायचा, हे टेबलाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

हा करार कुणाच्या बाजूने असतो, हे मला माझ्या चुकीतून कळलं. आमच्यातला एक जण बोलताना अडखळतो. त्याने मुद्दाम शाहीर घेतला होता, करिश्मा अठरा. जग मी चालवत होतो. शाहिराला वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायचं होतं. मी म्हटलं, ‘‘असं नाही भाऊ, काय बोलतो ते बोलून दाखव ना.’’ तो पहिल्याच शब्दावर अडकला. खोलीत शांतता पसरली. मग तो कागदावर बोट ठेवून म्हणाला, ‘‘इथं अठरा काहून लिहिलं मग?’’

त्याचं बरोबर होतं. तलवार चालवणाऱ्याला मी कधी तलवार चालवून दाखव म्हटलं नव्हतं. आकडे काढून टाका, नुसती गोष्ट सांगा, म्हणजे खेळ अधिक वाङ्मयीन होईल, असं म्हणणारे बरेच आहेत. पण आकडे गेले की ज्याची जीभ चालते तोच प्रत्येक गोष्टीचा नायक होतो. टेबलाबाहेर तो आधीच नायक असतो.

याची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. हाच आकडा करार न राहता निवाडा होऊ शकतो. १९७८च्या पुस्तिकेत स्त्री-पात्रांच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषांपेक्षा कमी होती. २०००च्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क म्हणून जन्मलं की बुद्धीचे दोन आणि करिश्म्याचे दोन गुण फासे काहीही म्हणोत, कापलेच जात. २०२०मध्ये वाढीव गुण वंशापासून सोडवण्याची मुभा आली आणि २०२४च्या पुस्तकात ते पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले गेले. यावर पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या मते आता ऑर्क खरा ऑर्क राहिला नाही. जन्मावरून गुण ठरवणं ज्यांना इतकं स्वाभाविक वाटतं, त्यांना आपल्या देशात वेगळं काही सांगायची गरज नसावी. आपल्याकडे तर पत्रिकेतले छत्तीस गुण मोजून, अठरापेक्षा कमी जुळले की स्थळ परत पाठवतात. मुलगा-मुलगी एकमेकांशी एक वाक्य बोललेली नसली तरी चालतं.

फरक आकड्यात नाही, तो कुणी लिहिला आणि कशासाठी लिहिला यात आहे. आमच्या मित्राने तो अठरा स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्या रात्री मी त्याला फासा टाकायला सांगितलं. दोन पडले. अधिक चार, सहा. पहारेकऱ्याने शाहिराला हाकलून दिलं आणि आमचा मित्र पोट धरून हसला. हरला होता, पण या वेळी जिभेमुळे नव्हे.