शोधयंत्रांची परीक्षा शिक्षकांनी घ्यावी

गूगल स्कॉलर, एरिक, शोधगंगा, मराठी विश्वकोश, दीक्षा ही नावं तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असतील. प्रशिक्षणात त्यांची यादी मिळते, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंका फिरतात. पण यातलं कोणतं साधन वर्गशिक्षकाच्या कोणत्या कामाचं आणि ते कुठे दगा देतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज आपण तेच पाहू या.

आधी कसोटी ठरवू. संशोधकाला एका विषयावरचं सगळं साहित्य हवं असतं आणि त्यासाठी त्याच्याकडे महिने असतात. शिक्षकाला उद्या वर्गात सांगायची एक गोष्ट खरी आहे की नाही, एवढं हवं असतं. शाळा, पेपर तपासणी, माहिती भरणं हे सगळं उरकल्यावर त्याच्या हाती राहतो अर्धा तास. म्हणून 'अमुक लाख निकाल सापडले' हा आकडा आमच्या लेखी गुण नाही. त्या अर्ध्या तासात खऱ्याखोट्याचा निवाडा करायला साधन किती मदत करतं, ही आमची कसोटी.

आता परीक्षेचा प्रश्न घेऊ. तो असा हवा की उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. बी.एड.ला एडगर डेल यांचा अनुभव शंकू तुम्ही शिकला असाल. त्याच्यासोबत एक तक्ता येतो: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि स्वतः केलेलं ९० टक्के. हा तक्ता आम्ही कितीतरी प्रशिक्षणांत पडद्यावर पाहिला आहे. डेल यांनी शंकू मांडला १९४६ साली, दृक्‌श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात. त्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. खरं तर ते बघूनच शंका यायला हवी. कोणत्या प्रयोगातून असे दहा-दहाचे गोल आकडे निघतात? दीपक सुब्रमणी, मायकल मोलेंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली या तक्त्याची पाळंमुळं खणून काढली आणि त्यामागे संशोधन नाही हे दाखवलं.

हा प्रश्न घेऊन पहिल्यांदा गूगल स्कॉलरकडे जाऊ. २००४ पासून ते मोफत आहे, वापरायला सोपं आहे. पण निकालांचा क्रम लावताना ते एखाद्या लेखाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला याला मोठं वजन देतं. आता बघा, चुकीची गोष्ट लोकप्रिय असेल तर तिचे उल्लेखही भरपूर असतात. आणि एखाद्याने खोडून काढण्यासाठी उल्लेख केला, तरी मोजणीत तो एकच धरला जातो. तुम्ही नुसतं शंकूचं नाव टाकलंत तर तक्ता खरा मानणारे लेख आणि खोडणारे लेख एकाच रांगेत उभे राहतात. कोण कोणत्या बाजूचा, हे यंत्र सांगत नाही. तज्ज्ञांनी तपासलेलेच लेख दाखव, अशी सोयही तिथे नाही. मात्र एक गोष्ट फार मोलाची आहे. निकालाखाली 'उल्लेख करणारे लेख' दाखवणारी लिंक असते. तिथून पुढे गेलात की त्या विधानावर नंतर कोणी काय आक्षेप घेतला ते सापडू शकतं. आमच्या मते शिक्षकाने स्कॉलर वापरावं ते या एका लिंकसाठी.

दुसरं एरिक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ही फक्त शिक्षणविषयक साहित्याची सूची आहे, १९६० च्या दशकापासून चालत आलेली. इथे तज्ज्ञांनी तपासलेले लेख आणि पूर्ण मजकूर मोफत असलेले लेख वेगळे काढता येतात. प्रत्येक नोंदीला ठरावीक विषयशब्द लावलेले असतात. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळेचं उदाहरण घ्या. चार इयत्ता, दोन शिक्षक. 'टू टीचर स्कूल' असं टाकून शोधत बसण्यापेक्षा 'मल्टिग्रेडेड क्लासेस' हा एरिकचा विषयशब्द टाका. थेट मुद्द्यावरचं साहित्य समोर येतं. अर्ध्या तासाच्या कसोटीवर एरिक आम्हाला स्कॉलरपेक्षा सरस वाटतं. उणीव कुठे? त्यातला बराचसा वर्ग अमेरिकेतला. तिथली पटसंख्या, तिथली पुस्तकं, तिथली भाषा. तिथे यशस्वी झालेला उपक्रम आपल्या पाड्यावरच्या शाळेत चालेलच असं नाही, आणि ते पारखून घेण्याचं काम शिक्षकालाच करावं लागतं.

मग आपल्या मातीतलं संशोधन कुठे? शोधगंगेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा हा प्रबंधांचा साठा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध तिथे जमा होऊ लागले. मराठी माध्यमाच्या शाळांवरचं, आदिवासी भागातल्या भाषाशिक्षणावरचं काम शोधायचं तर इथेच यायला हवं. पण इथे शोधणं म्हणजे कष्टाचं काम. प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये. मराठी शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तेही ज्याला जसं सुचलं तसं. जुन्या फॉन्टमधला किंवा स्कॅन केलेला मजकूर असेल तर आतला शब्द शोधून सापडत नाही. आणि एक सांगतो, प्रबंधाला पदवी मिळाली म्हणजे त्यातला निष्कर्ष सिद्ध झाला असं होत नाही. किती मुलांवर, किती दिवस, कशाशी तुलना करून, हे पद्धतीच्या प्रकरणात आधी वाचा, निष्कर्ष मागाहून.

आता मराठी साधनं. विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि त्याची एक शिस्त आम्हाला फार आवडते. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बऱ्याचदा संदर्भग्रंथही. विधानाची जबाबदारी कोणाची, हे कळतं. पण पहिला खंड छापला गेला १९७६ साली, हे विसरू नका. प्लूटो २००६ पर्यंत ग्रह होता, त्यामुळे त्याआधी छापलेला कोणताही कोश त्याला ग्रहच म्हणणार. इतिहास, साहित्य, संकल्पना यांसाठी विश्वकोश उत्तम. आकडे आणि विज्ञानातल्या ताज्या गोष्टी दुसरीकडे पडताळाव्यात. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक वाचनपाठासाठी खजिनाच आहेत. दीक्षावरचे व्हिडिओ पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे हाताशी आले, ही मोठी सोय. पण व्हिडिओत केलेलं विधान कुठून घेतलं, हे सहसा दिलेलं नसतं. तिथे साधन मिळतं, पुरावा मिळत नाही. या दोन्हींत गल्लत झाली की डेल यांच्या नावाचा तक्ता वर्षानुवर्षं जिवंत राहतो.

आमची खरी तक्रार इथे आहे. इंग्रजी सफाईने वाचणाऱ्या शिक्षकाला तक्ता खोटा आहे हे अर्ध्या तासात कळू शकतं. फक्त मराठीत शोधणाऱ्याला तो तक्ता सहज सापडेल, त्याचं खंडन सापडणं अवघड. म्हणजे उणीव शिक्षकाच्या कष्टात नाही, मराठीतल्या साठ्यात आहे. आपल्या विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांनी वर्षाला पाच-दहा चांगल्या संशोधनांचे दोन-दोन पानी मराठी सारांश युनिकोडमध्ये दिले, तरी फरक पडेल. यासाठी नवं पोर्टल काढायची गरज नाही.

तोवर तीन सवयी लावून घ्या. विधान मूळ कोणी केलं ते शोधा. त्यावर नंतर कोणी आक्षेप घेतला का ते पाहा. आणि उपयोगी मजकूर उतरवून ठेवा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅकॅडेमिक हे मोठं शोधयंत्र २०२१ च्या अखेरीस बंद झालं, तसं कुठलंही होऊ शकतं.

वर्गातली चाळीस मुलं तुमचं वाक्य पडताळायला जात नाहीत. सर म्हणाले, बाई म्हणाल्या, म्हणजे झालं. म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकाला एक काम देतो. तुमच्या मागच्या प्रशिक्षणातली एक स्लाइड काढा, ज्यावर टक्केवारी आहे पण संदर्भ नाही. अर्धा तास लावून तिचा माग काढा आणि काय सापडलं ते आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांना सांगा. मराठीत सांगा.