कंपवात : एका जुन्या निबंधाकडे पाहताना
जेम्स पार्किन्सन यांचा कंपवातावरील निबंध (१८१७) अवघ्या सहा रुग्णांवर आधारलेला आहे. त्यांतील काही तर रस्त्यात पाहिलेले. तरीही घास गिळण्यातील अडचण त्यांनी टिपली, हे आम्हांला निबंधाचे मोठे यश वाटते. मात्र 'ज्ञानेंद्रिये व बुद्धी शाबूत राहतात' हे त्यांचे विधान आज टिकत नाही. अनेक रुग्णांच्या घशाची संवेदना मंदावते. पाणी श्वासनलिकेत उतरले तरी ठसका लागत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे ठसका नसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. आटगावातल्या एखाद्या घरी कंपवात झालेल्या आजोबांचे जेवण लांबत असेल, पाणी पिताच आवाज ओलसर, घोगरा होत असेल, तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांना सांगावे, एवढे शिक्षकांनी वर्गात जरूर शिकवावे.