रस्त्यावरील चिन्हे आणि विद्रूपतेचा निकष : सोलापूरच्या संदर्भात

रस्त्यावरील चित्रांची आणि भिंतीवरील लेखनाची चर्चा मराठीत बहुधा शोभेच्या अंगाने होते. भिंत सुंदर झाली की बिघडली, एवढाच प्रश्न पुढे येतो. कायद्याची दृष्टीही याहून निराळी नाही. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा १९९५ चा अधिनियम नावापासूनच रूपाची भाषा बोलतो. पण स्थानिक प्राधिकरणाची लेखी परवानगी मिळाली की तोच रंग निर्दोष ठरतो. म्हणजे रूप-विरूपाचा निर्णय वस्तुतः चित्राच्या गुणावर होत नाही, तर अनुमतीवर होतो. राजकीय व सामाजिक भाष्य म्हणून या कलेचे मोल ठरवावयाचे असल्यास हा निकष निरुपयोगी होय.

सोलापूरचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि हे गिरणी-मागांचे शहर बनले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा येथल्या रस्त्यावर नांदतात. अशा ठिकाणी भिंतीवर लिहू पाहणाऱ्यास आधी लिपी निवडावी लागते, आणि लिपी निवडताच वाचकांपैकी कितीतरी जण गळतात. चिन्हाला ही अडचण नसते. १९३० साली नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला, तो वाचण्यासाठी कोणतीच लिपी लागली नाही. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्यावर शहर खवळले, गोळीबार झाला, आणि १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत टिकला. त्या काळात राष्ट्रध्वज मिरवणे आणि गांधी टोपी घालणे ही शिक्षेला पात्र कृत्ये ठरली. कापड विणणाऱ्या शहरात कापडाचे दोन तुकडे राज्यकर्त्यांना असह्य व्हावेत, यात चिन्हाच्या सामर्थ्याची जी कबुली आहे ती एखाद्या कलासमीक्षकासही इतक्या नेमकेपणाने देता आली नसती. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली.

ध्वज वा टोपी म्हणजे चित्र नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तंत्रापुरता तो मान्य करावा लागेल. तथापि एका दृष्टिक्षेपात उमगणे, सत्तेची अनुमती नसणे आणि करणाऱ्याने धोका पत्करणे या ज्या गोष्टींवर रस्त्यावरील चित्राचे भाष्य उभे राहते, त्या सर्व येथे आहेत. किंबहुना आजच्या पुष्कळशा भित्तिचित्रांत त्या आढळत नाहीत. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून शहरोशहरी भिंती रंगल्या. त्यांवर झाडे आली, पाण्याचे थेंब आले, थोर पुरुष आले. हात कसलेला आहे, परंतु बोलणे नाही. मुंबईत चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर गांधीजींचे भव्य चित्र रंगविले गेले. रेखनाच्या दृष्टीने ते उत्तम होते. मात्र ज्या पुरुषाच्या नावाची टोपी सोलापुरात गुन्हा ठरली होती, त्याची प्रतिमा येथे स्थानकाचे भूषण झाली. प्रतिमा बदलली नव्हती, तिच्या मागची अनुमती बदलली होती.

यावरून अनुमती मिळाली की भाष्य संपते, असा सरसकट सिद्धान्त काढणे मात्र घाईचे होईल. मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराने सरकारी भिंतींवर तीव्र सामाजिक टीका चितारली. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील कामात त्याने लेनिनचा चेहरा काढला, तेव्हा १९३४ मध्ये ते चित्रच फोडून टाकण्यात आले. अनुमती तेथेही होती. ती चित्रापुरती होती, बोलण्यापुरती नव्हती.

सोलापूरच्या चौकांतील वाढदिवसाचे फ्लेक्स फलक याच कसोटीला लावून पाहावेत. त्यांतील पुष्कळ विनापरवाना लागतात, म्हणून ते बंडखोर ठरत नाहीत. त्यांवर छायाचित्रे असतात, नावे असतात, ‘शुभेच्छुक’ म्हणून आणखी नावे असतात. सत्तेपासून चेहरा लपविण्याची गरज तेथे कोणालाच नसते. उलट चेहरा सत्तेच्या नजरेस पडावा म्हणूनच तो छापलेला असतो.