साथीनंतरचे आर्थिक पुनरुत्थान : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक चिकित्सा

'आधी जीव, मग अर्थव्यवस्था' हे सूत्र कोरोनाकाळात विकसनशील देशांविषयीच्या चर्चेत वारंवार मांडले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मुळातच सदोष आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतील कित्येक घरे मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठविलेल्या पैशावर चालतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागताच हा ओघ आटला व चाकरमानी स्वतःच गावी परतू लागला. उत्पन्न थांबले, खाणारी तोंडे वाढली आणि संसर्गाचे भयही त्याच वाटेने आले. येथे जीव व अर्थ वेगळे काढता येत नाहीत.

मे २०२० मधील २० लाख कोटींच्या पॅकेजात कर्जहमीवर मोठा भर होता. महाड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यास ती उपयुक्त ठरू शकते. काम गमावलेल्या हॉटेल-कामगारास मात्र कर्ज नव्हे, मजुरी हवी होती. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला होता, हे येथे आठवावे. तथापि २०२०-२१ चा २३८ रुपये रोज मुंबईच्या पगाराची जागा घेणारा नव्हता.

पुढे जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली, तळियेवर दरड कोसळली. विस्थापितांना अंतर राखण्याची सूचना कोणत्या तोंडाने करावी? मदतीसाठी पडलेल्या घरांचे व बुडालेल्या दुकानांचे पंचनामे झाले. टाळेबंदीत बुडालेल्या पगाराचा पंचनामा करण्याची पद्धत आपल्या महसुली व्यवस्थेत नाही.