जाळीचा उघडा कोपरा

पाळीव प्राण्यांविषयीच्या ललित गद्याची बोळवण आपली समीक्षा बहुधा ‘हृद्य’ या एकाच विशेषणाने करते. प्राणी मुका, लेखक कनवाळू, शेवटी मृत्यू आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी, असा एक साचा गृहीत धरला जातो आणि त्या साच्यापलीकडे काही शोधण्याची निकड कोणाला वाटत नाही. अलीकडे त्यात आणखी एका समजुतीची भर पडली आहे. प्राण्याच्या सहवासात मन निवते, ताण हलका होतो, म्हणून या लेखनाकडेही चित्तशांतीचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. सहवासाने मन निवते हे खोटे नाही. परंतु आपल्या भाषांतील या प्रकारचे उत्तम लेखन नीट वाचले, तर भावबंध आणि शांती या दोन गोष्टी त्यात सुखाने एकत्र नांदताना क्वचितच दिसतात. या विधानाच्या पडताळणीसाठी महादेवी वर्मांच्या ‘मेरा परिवार’ (१९७२) या संग्रहाइतके सोयीचे पुस्तक दुसरे नाही.

त्यातील ‘गिल्लू’ हा लेख केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या हिंदी पूरक वाचनात वर्षानुवर्षे होता. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांनाही तो परिचित आहे. परिचयाचा तोटा असा की, भूतदयेचा पाठ म्हणून तो एकदा शिकवला गेला की पुन्हा कोणी त्याच्याकडे वळत नाही. कावळ्यांच्या चोचींनी घायाळ झालेले, कुंडी आणि भिंत यांच्या सांध्यात निपचित पडलेले खारीचे पिल्लू लेखिका उचलून आणते. कापसाने रक्त पुसते, पेनिसिलिनचे मलम लावते, दुधात भिजवलेली वात त्याच्या तोंडाशी धरते. तिसऱ्या दिवशी ते पिल्लू आपल्या दोन चिमुकल्या पंजांनी तिचे बोट धरते. ‘गिलहरी’ हे हिंदीतील स्त्रीलिंगी सामान्यनाम येथे ‘गिल्लू’ हे पुल्लिंगी विशेषनाम होते. व्याकरणातला हा पालट लेखिकेने जाणून केला आहे. जातीतून एक व्यक्ती वेगळी निघते आणि भावबंधाचा आरंभ तेथेच होतो. (मराठीत ‘खार’ही स्त्रीलिंगीच, भाषांतरकाराने येथे सावध राहावे.)

लेखाचा कणा मात्र या शुश्रूषेत नाही. तो पुढे येणाऱ्या एका साध्या कृतीत आहे. गिल्लूच्या आयुष्यातला पहिला वसंत येतो, बाहेरच्या खारी खिडकीच्या जाळीजवळ येऊन चिवचिवू लागतात आणि गिल्लू जाळीशी बसून बाहेर पाहत राहतो. लेखिका खिळे काढून जाळीचा एक कोपरा मोकळा करते. त्यानंतर गिल्लू दिवसभर बाहेर हुंदडतो आणि ठरल्या वेळी परत येऊन आपल्या झुल्यात झोके घेतो. आता त्याचे घरात असणे हा त्याचा निर्णय आहे. उन्हाळ्याच्या दुपारी लेखिका कामात असताना तो तिच्याजवळ ठेवलेल्या सुरईवर अंग पसरून पडतो. गारवाही मिळतो आणि जवळही राहता येते. ‘मेरा परिवार’मध्ये खऱ्या अर्थाने शांत म्हणावे असे जे मोजके क्षण आहेत, त्यांत हा मी सर्वांत वर ठेवीन. दोन जीव आपापल्या कामात आहेत, कोणी कोणाला गोंजारत नाही, आणि बाहेर जाण्याची वाट उघडी आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. प्राणी बोलत नाही. मग त्याच्या प्रेमाचे वर्णन हे लेखकाच्याच भावनेचे प्रतिबिंब नव्हे काय? हा आक्षेप महादेवींना काही ठिकाणी निश्चित लागू पडतो. गिल्लूच्या समाधीवर सोनजुहीचे पिवळे फूल होऊन तो उमलेल, या विश्वासाशी लेख जेथे पोचतो तेथे छायावादी कवयित्रीने गद्यलेखिकेवर मात केली आहे. पण अन्यत्र ती पुरावा ठेवते. मोटार-अपघातानंतर ती काही दिवस रुग्णालयात असते. तेवढ्या काळात गिल्लू दु:खी होता असे ती नुसते सांगत नाही. घरी परतल्यावर झुला साफ करताना त्याच्या आवडीचे काजू तेथे न खाता साठलेले सापडतात, एवढेच ती नोंदवते. ही नोंद आणि फुलाची कल्पना यांतील अंतर ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल, त्याला भावना आणि भावविवशता यांतील भेद निराळा शिकवावा लागणार नाही.

वैकोम मुहम्मद बशीर यांनी हा आक्षेप विनोदाच्या अंगाने निकालात काढला आहे. ‘पात्तुम्मायुडे आडु’ (१९५९) या मल्याळम कादंबरीचा निवेदक म्हणजे स्वतः बशीरच. मनाच्या आजारानंतर विश्रांती हवी म्हणून तो तलयोलपरंब येथील आपल्या घरी येतो. तेथे शांतीचा लवलेश नाही. आई, भावंडे, मुले, कोंबड्या, मांजरे, आणि या सर्वांत मुक्त संचार करणारी बहिणीची शेळी. ती शेळी त्याची पुस्तकेसुद्धा खाते. पुस्तकांचे त्याला फारसे वाईट वाटत नाही, कारण प्रती आणखी मिळतील. पांघरूण मात्र तो वाचवू पाहतो. शेळीच्या डोळ्यांत करुणा शोधण्याचा मोह बशीरला होत नाही. तिला भूक आहे, दूध आहे, आणि त्या दुधावर साऱ्या घराचा डोळा आहे. तरीही कादंबरी मिटताना वाटते की, हा माणूस या गोंगाटातच बरा होत असावा. मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ या लेखातला रोख प्राण्यांपेक्षा ते पाळणाऱ्यांवर अधिक आहे. आपल्या विनोदाने या विषयाला बगल दिली असे मला वाटत आले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली अकादेमी पुरस्कार मिळाला. तीत वानरांच्या टोळ्यांकडे पाहणारी नजर असामान्य आहे, पण ती नजर ठरवून अंतर राखणारी आहे. भावबंधाच्या बाजूने मराठीत जे लिहिले गेले, त्यात हेमलकशाच्या परिसरात बिबट्याचे पिल्लू वाढवण्याचा विलास मनोहर यांचा ‘नेगल’ मला अधिक लक्षणीय वाटतो. त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’ (१९३०) या कथेत कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये हल्कूला सावकाराच्या हाती द्यावे लागतात. शेताच्या राखणीच्या रात्री गारठा असह्य झाल्यावर तो आपल्या जबरा कुत्र्याला कुशीत घेतो. कुत्र्याच्या अंगाला दुर्गंधी येते हे प्रेमचंद लपवत नाहीत आणि त्या मिठीत हल्कूला लाभलेले सुखही लपवत नाहीत. दारिद्र्याने दोघांना एकाच पातळीवर आणले आहे. पण पुढे नीलगायी शेतात शिरतात, तेव्हा जबरा भुंकत धावतो आणि हल्कू शेकोटीच्या उबेतून उठत नाही. सकाळी सारे शेत तुडवलेले असते आणि जबरा झोपडीखाली प्राण गेल्यासारखा पडलेला असतो. सोबतीची ऊब दोघांनी वाटून घेतली. राखणीचे ओझे मात्र एकट्या कुत्र्यावर पडले.

भारतीय परंपरेला हा व्यवहार नवा नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात येतो. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी नदीवरून झेप घेते, पाडस प्रवाहात पडते, आणि भरत ते वाचवतो. मग त्याची पूजा, त्याचे नेम, सारे त्या पाडसापायी सुटत जाते. मरतानाही मन हरिणाकडे असल्यामुळे पुढला जन्म त्याला हरिणाचा येतो. पुराणकाराच्या दृष्टीने ही आसक्तीची शिक्षा आहे. कथेची मांडणी मात्र त्याला पूर्ण साथ देत नाही, कारण पाडस उचलण्याचा क्षण इतका निर्दोष आहे की वाचक त्याबद्दल भरताला दोषी धरू शकत नाही.

महादेवींच्या ‘सोना’ या लेखात हीच कथा उलटी झालेली आहे, असे माझे वाचन आहे. शिकारीत आई गमावलेले हरिणीचे पाडस त्यांच्या घरी वाढते, मुलींच्या वसतिगृहात बागडते, फ्लोरा नावाच्या कुत्रीशी त्याचे सख्य जुळते. उन्हाळ्याच्या सुटीत लेखिका बदरीनाथच्या यात्रेला निघते. सोबत फ्लोरा जाते, सोना मागे राहते. दोघींच्या विरहाने सैरभैर झालेली सोना आवाराबाहेर भटकू लागते, म्हणून तिच्या काळजीनेच माळी तिला लांब दोरीने बांधून ठेवतो. एके दिवशी त्या बंधनाचा विसर पडून ती उंच झेप घेते, दोरी ताणली जाते आणि ती तोंडघशी कोसळून मरते. भरताच्या कथेत पाडसाने तपस्व्याची शांती भंगली. येथे हिमालयात शांती शोधू गेलेल्या व्यक्तीच्या अनुपस्थितीने पाडस मेले. गिल्लूसाठी जाळीचा कोपरा उघडणाऱ्याच घरात सोनाच्या गळ्यात दोरी पडते, आणि त्यात दुष्ट असा कोणीच नाही. ‘गौरा’ या लेखात गुळातून सुई चारणारा गवळी तरी समोर दिसतो. ‘सोना’मध्ये रागवावे असे कोणी सापडत नाही, म्हणून हा लेख अधिक जड जातो.

महादेवी या दु:खातून कोणतेही समाधान काढत नाहीत. पुन्हा हरिण पाळायचे नाही असा आपण निश्चय केला होता, हे त्या लेखाच्या आरंभीच सांगतात. लेख लिहिण्याचे निमित्तही तेथेच कळते. परिचितांच्या घरचे एक हरिण आश्रयासाठी त्यांच्याकडे येऊ घातले आहे, आणि तो निश्चय मोडल्याखेरीज त्याचे रक्षण होणार नाही.